पाच सोनेरी नियमांतले साडेचार पितळी

‘जावा मुलाखत : एकाहून जास्त कन्स्ट्रक्टरचे पाच सोनेरी नियम’ हा मेसेज फिरत फिरत भाचीच्या वहीत लाल शाईने उतरलेला दिसला, तेव्हा मात्र गप्प राहवेना. (जावा ही प्रोग्रामिंगची भाषा; कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लास या साच्यातून नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड.)

‘आपण कन्स्ट्रक्टर लिहिला तरी जावा रिकामा कन्स्ट्रक्टर देतेच.’ नाही देत. जावा लँग्वेज स्पेसिफिकेशनचं, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीचं, कलम 8.8.9 उघडा: क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर नसेल तरच कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) डिफॉल्ट, म्हणजे रिकामा, घालतो. ‘खाते’ नावाच्या क्लासमध्ये खाते(स्ट्रिंग नाव) एवढाच लिहून न्यू खाते() केलंत की कंपायलर तिथेच अडवतो. हायबरनेट या डेटाबेस-लायब्ररीच्या एंटिटीला (टेबलाशी जोडलेल्या क्लासला) रिकामा लागतो हे खरं, पण इतर कन्स्ट्रक्टर असतील तर तो आपणच लिहायचा, प्रोटेक्टेडही (फक्त त्याच पॅकेजला आणि वारस क्लासना खुला) चालतो.

‘एका कन्स्ट्रक्टरमधून दुसरा बोलवायला न्यू वापरा.’ हे कुणी एकदा चालवून तरी पाहिलं होतं का? खाते(नाव)च्या आत न्यू खाते(नाव, 500); लिहिलं तर दुसरंच एक खातं जन्माला येतं, त्यात 500 पडतात आणि कुणी धरून न ठेवल्यामुळे ते गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणाऱ्याच्या, वाट्याला जातं. आपल्या हातातल्या खात्यात नाव नल (काहीच नाही), शिल्लक 0.0. एरर येत नाही, हीच पंचाईत. तिथे हवं धिस(नाव, 500); म्हणजे याच ऑब्जेक्टवर दुसरा कन्स्ट्रक्टर चालवणं.

‘धिस() ही पहिलीच ओळ असली पाहिजे.’ बरं, हे अर्धं देऊन टाकतो. जावा 24 पर्यंत खरंच होतं. सप्टेंबर 2025 च्या जावा 25 पासून त्याआधी आर्ग्युमेंट तपासून घेता येतात. ऑब्जेक्टची स्वतःची मेथड (फंक्शन) मात्र बोलवता येत नाही.

‘पायथनमध्येही दोन इनिट लिहा.’ इनिट म्हणजे पायथनचा कन्स्ट्रक्टर; दुसरा पहिल्याला पुसून टाकतो. डिफॉल्ट पॅरामीटर किंवा क्लासमेथड (ऑब्जेक्टवर नाही, क्लासवर बोलवायची मेथड) वापरा. पुढे.

‘सामाईक कोड इनिट() मेथडमध्ये काढा आणि प्रत्येक कन्स्ट्रक्टरमधून ती बोलवा.’ सगळ्यात घातक हाच, कारण तो चालल्यासारखा दिसतो. एक तर फायनल फील्डला (ऑब्जेक्टमधल्या, एकदाच किंमत घेणाऱ्या चलाला) मेथडमधून किंमत देता येत नाही. कंपायलर ओरडला की मुलं काय करतात? फायनलच काढून टाकतात!

दुसरं नुकसान इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एक क्लास दुसऱ्याचा वारस असतो तिथे. खातेचा कन्स्ट्रक्टर इनिट() बोलावतो. त्याचा वारस बचतखाते याने ती ओव्हरराइड करून (स्वतःची आवृत्ती लिहून) व्याजदर = 6.5 केला, पण फील्ड जाहीर करताना डबल व्याजदर = 4.0; लिहिलंय. न्यू बचतखाते() केल्यावर दर किती? 4.0. आधी पालक क्लासचा कन्स्ट्रक्टर पुरा होतो. त्यातच बचतखातेची इनिट() पळून 6.5 बसतो. मग बचतखातेच्या फील्डचे इनिशियलायझर (जाहीर करतानाच दिलेल्या किमती) चालतात आणि 6.5 वर 4.0 लिहितात. इनिट()च्या शेवटच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम तिथे थांबवायची खूण) लावाल तर 6.5 बरोबर दिसेल, आणि माणूस दिवसभर भलतीकडेच बग शोधत बसेल.

सर्वांत जास्त पॅरामीटर घेणाऱ्या एकाच कन्स्ट्रक्टरमध्ये तपासणी आणि सगळी असाइनमेंट ठेवा, बाकीच्यांत फक्त धिस(...)ची एक ओळ. हिशेब करून किंमत काढायची असेल तर प्रायव्हेट स्टॅटिक मेथड (क्लासपुरती, ऑब्जेक्टशिवाय चालणारी), जी किंमत परत देईल आणि फील्डला हात लावणार नाही. असं केलं की फायनलही जागेवर राहतं.