शेवटचा एकच मुद्दा, मग प्रार्थना

कॉलेजच्या ख्रिश्चन फेलोशिपमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रार्थना-मंडळात, पाहुणे वक्ते सांभाळायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला सगळे म्हणतात वा, छान सेवा मिळाली तुला, आणि पटकन भक्तिगीतं गाणाऱ्या वर्शिप टीममध्ये नाव देऊन मोकळे होतात. बरोबरच आहे त्यांचं. गिटार कधी "अजून एकच मुद्दा" म्हणत नाही.

सुरुवात आमंत्रणापासून होते. वक्त्याला मेसेज टाकला की उत्तर येतं, "प्रार्थना करून कळवतो." आता यावर बोलणार काय? माणसाकडून उशीर होत असेल तर फोन करता येतो, इथे फाईल थेट वरच्या ऑफिसात गेलेली असते. मग कधीतरी होकार येतो, आपण विषय विचारतो, तर म्हणतात, पवित्र आत्मा चालवील तसं बोलेन. आमचा पोस्टरवाला मुलगा मला विचारतो, हे याच फॉन्टमध्ये टाकू का? शिवाय "थोडक्यात परिचय" म्हणून जे येतं ते दोन पानं, त्यात लग्न कोणी लावलं इथपासून सगळं, आणि स्लाइड्स येतात कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी, आमच्या लॅपटॉपवर न उघडणाऱ्या.

आईसब्रेकरचं एक वेगळंच. नवीन पोरं मोकळी व्हावीत म्हणून "दोन खऱ्या गोष्टी, एक खोटी" हा खेळ कोणीतरी सुचवतं. त्यात एका फर्स्ट इयरच्या मुलीने मी खोटं बोलत नाही म्हणून तीनही खऱ्याच सांगितल्या, आणि तिचा अख्खा ग्रुप खोटी कुठली यावर भांडत बसला, आणि त्यातच गाण्याची वेळ संपली.

पण खरी परीक्षा घड्याळाची. हॉल दीड तासच मिळतो, नंतर डान्सवाल्यांचं बुकिंग. म्हणून मी पहिल्या रांगेत कार्डं घेऊन बसते, "१० मिनिटं", "५ मिनिटं", आणि लाल अक्षरात "वेळ संपली". परवाच्या वक्त्यांनी, म्हणजे आमच्या भाषेत ब्रदरांनी, "५ मिनिटं"चं कार्ड बघितलं, प्रेमाने हसले, मान डोलावली, आणि दुसऱ्या मुद्द्याच्या उपमुद्द्याकडे वळले. लाल कार्ड वर केलं तर म्हणाले, "ही बहीण वचनाने किती हललीये बघा." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, मी कार्ड पर्समध्ये टाकलं.

आता कोणी म्हणेल की देवाचं वचन आहे, त्याला घड्याळ कसलं लावता. मान्य. पण येशूचं डोंगरावरचं अख्खं प्रवचन, बायबलमधल्या मत्तयाचे ५ ते ७ अध्याय, मोठ्याने वाचून काढलं तरी वीस मिनिटांच्या आत आटपतं. यावर वक्त्यांकडे एक हुकमी उत्तर असतं, ते म्हणजे प्रेषित पौल. बायबलमध्येच प्रेषितांच्या कृत्यांत २०व्या अध्यायात आहे ना, पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं म्हणून तो त्रोवसला मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलाच होता. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि तो जिवंत झाला, चमत्कार वगैरे सगळं खरं, पण पुढचं कोणी नीट वाचत नाही. पौल वर आला, भाकर मोडली, खाल्ली, आणि पहाटेपर्यंत परत बोलला! मला या गोष्टीत नेहमी त्या घरात व्यवस्था बघणाऱ्या माणसाची काळजी वाटते. आम्ही तरी हॉल तळमजल्यावरचाच घेतो.

आणि आपली पोरं पडली भारी सभ्य. १८८२ साली मूडी हे नावाजलेले अमेरिकन सुवार्तिक केंब्रिज विद्यापीठात बोलायला आले तेव्हा पहिल्याच सभेत विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, त्यांच्यासोबतच्या सँकींनी गाणं म्हटलं तर वन्स मोअर ओरडले. नंतर त्यातलेच काही जण माफी मागायला गेले आणि शेवटच्या सभांना तुडुंब गर्दी झाली हा भाग निराळा. आमच्याकडे तसं नाही, आमच्याकडे माणूस पेंगत असला तरी दर तिसऱ्या वाक्याला "आमेन" म्हणतो, आणि वक्त्याला वाटतं मंडळी तहानलेली आहेत.

तर परवा एकदाचं ते वाक्य आलं, "आपण प्रार्थना करू या." मी सुस्कारा सोडला. पण प्रार्थनेत एक मोठी अडचण असते, डोळे मिटलेले असतात, कार्ड दाखवायचं कोणाला? आणि ज्या मुद्द्यांना वेळ मिळाला नाही ते सगळे ब्रदर आता देवाला सांगायला लागले, तिसरा मुद्दा तर संदर्भासकट. मी कीबोर्डवाल्याला खूण केली, हळू वाजव, म्हणजे आवरतं घेतील. त्याने सूर धरले मात्र, ब्रदरांचा आवाज चढला, अंगात नवीन जोर आला, आणि प्रार्थना आजारी लोकांवरून परीक्षार्थींवर आणि तिथून सगळ्या राष्ट्रांवर गेली. दाराच्या काचेला नाक लावून डान्सवाले उभे. एका डोळ्याने मी त्यांना बघतेय, त्यांच्यातला एक स्पीकरची पेटी डोक्यावर घेऊन.

आमेन झाल्यावर प्रश्नोत्तरं रद्दच करायची होती, पण मागून एक काका उठलेच. "माझा प्रश्न नाही, छोटीशी साक्ष आहे." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची गोष्ट. असो, त्यावर वेगळा लेख होईल.

शेवटी मी दार उघडून डान्सवाल्यांची हात जोडून माफी मागितली. त्यांची लीडर रागावलेली नव्हतीच. म्हणाली, "ते जाऊ दे गं, पण ते सर सांगत होते ना, घर सोडून गेलेल्या त्यांच्या भावाचं, दारातून अर्धंच ऐकू आलं, मध्येच प्रार्थना सुरू झाली. परत आला का तो?" मलाही माहीत नव्हतं. ब्रदर मागेच उभे होते, त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"थोडक्यात सांगतो," म्हणाले, आणि स्टेजच्या कडेला ऐसपैस बसले.