पोथीतला 'च' आणि दगडावरचा 'व'

नमस्कार. जुने ब्राह्मी शिलालेख समजून घ्यायला जैन पोथ्यांची मदत होते, असं मी लिहिलं होतं. त्यावर, 'ब्राह्मी ही प्राचीन लिपी इंग्रज अभ्यासक प्रिन्सेपने १८३७ साली सांचीच्या दानलेखांवरून वाचली. त्या शिलालेखांच्या हजार-बाराशे वर्षांनंतरच्या जैन पोथ्या भांडारकर संस्थेत उघडून बसल्याने तिच्यात काय भर पडणार?' हा तुमचा मुख्य आक्षेप. 'जैन समाजाला खूश करायला लिहिलंय' हा टोमणा सोडून देतो.

प्रिन्सेपचं श्रेय कुणी काढून घेत नाही. लेखामागून लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं दिसली आणि त्याने 'दानं' ओळखलं, हे बरोबरच. पण अक्षरं लागली म्हणून लेख कळतोच असं नाही. मथुरेच्या कंकाली टीला इथल्या कुषाणकालीन जैन मूर्तींच्या बैठकांवर गण, कुल, शाखा अशी साधूंच्या गटांची नावं ओळीने येतात. ते गट कोणते? जर्मन अभ्यासक ब्यूलरने ती नावं कल्पसूत्र या जैन ग्रंथातल्या स्थविरावलीशी, म्हणजे आचार्यांच्या परंपरेच्या यादीशी, ताडून पाहिली आणि कोट्टिय गण, उच्चानागरी शाखा अशी एकेक नावं जुळली.

खरी गंमत पुढे आहे. पोथ्यांत 'चारण' गण, दगडावर मात्र 'वारण'. ब्यूलरने दगडाचा शब्द प्रमाण मानला. च आणि व लिपीत सहज एकमेकांत मिसळतात. कुण्या लेखनिकाने एकदा चूक केली आणि पुढच्यांनी तीच इमानाने उतरवली. पोथीने लेख लावला, लेखाने पोथी दुरुस्त केली. हा धागा तुमच्या आक्षेपात कुठेच येत नाही.

मध्ययुगीन नागरीसाठी तर या पोथ्यांना तोड नाही, कारण पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, बहुधा संवत असतो. पडिमात्रा, म्हणजे 'के'ची मात्रा अक्षराआधी उभ्या दांडीसारखी लिहिण्याची रीत, केव्हा मागे पडत गेली ते अशा तारखेच्या पोथ्यांवरूनच ठरवता येतं.

राहिला मावळातल्या पाले लेण्यातल्या ब्राह्मी लेखाचा मुद्दा. तो 'नमो अरहंतानं'ने सुरू होतो. एवढ्यावरून लेख जैन ठरत नाही, हे मान्य. त्यात येणारी 'भदंत' ही साधूंची आदरार्थी पदवी तर बौद्धांतही सर्रास. ओडिशातल्या हाथीगुंफेच्या जैन लेखात पाठोपाठ 'नमो सवसिधानं' येतं, इथे येत नाही. तरी पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि शिलालेखांच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी तो जैन मानला आणि मला ते पटतं. तुम्हाला बौद्ध म्हणायचा असेल, तर कार्ले, भाजे किंवा बेडसे इथल्या बौद्ध लेण्यांतला असाच सुरू होणारा एखादा दानलेख दाखवा, मग बोलू.