जोर बुटात असतोय व्हय?

बुटांच्या दुकानातला पोरगा मला 'मावशी' म्हणाला, त्याचा मला राग नाही. केस पिकलेत, चष्मा नाकावर उतरलाय, चालायचंच. राग आला तो पुढच्या प्रश्नाचा. "मावशी, शुगर हाय न्हवं?" असं विचारून, उत्तराची वाटही न बघता त्या पोरानं वरच्या फळीवरून राखाडी रंगाचे, चिकटपट्टीचे बूट काढले आणि तळव्यात अंगठा दाबून दाखवला. अंगठा निम्मा आत गेला. "बघा, ढगावर चालल्यागत वाटतंय."

मला ढगावर चालायचं नव्हतं. खांद्यावर पस्तीस किलोचा रॉड घेऊन खाली बसायचं होतं आणि, जमलंच तर, परत उठायचं होतं.

गुडघा जिना उतरताना करकरतो. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाडं ठीक आहेत, मांड्या बळकट करा. म्हणून जिम. जिमच्या ट्रेनर पोरीनं पहिल्यांदा माझ्या पायांकडेच बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे पळायचे बूट काढा." तिचं म्हणणं सरळ होतं. पळायच्या बुटाचा फोम धक्का गिळायला असतो. खांद्यावर वजन आलं की तोच फोम कधी इकडे दबतो, कधी तिकडे. पाऊल डुगडुगतं, घोटा आत कलतो आणि त्याच्या मागोमाग गुडघाही आत जातो. तेव्हा तळवा असा हवा की जो दबतच नाही.

वेटलिफ्टिंगचे खास बूट असतात, त्यांची टाच कडक आणि साधारण दोन सेंटिमीटर उंच. मीराबाई चानूनं २०२१ साली टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्य घेतलं, ते असल्याच बुटांत. टाच उंच असली की घोटा ताठर असूनही खोल बसता येतं, पाठ सरळ राहते. पण गुडघा आणखी पुढे येतो आणि वाटीवरचा भार वाढतो. म्हणून मला सध्या सपाट बूट आणि रोज पोटऱ्या ताणणं. भिंतीपासून चार-पाच बोटांवर अंगठा ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. उजवा लागतो. डावा भिंतीकडे नुसता बघतो.

तर सपाट, कडक बूट. मागितले. पोरगा मला बायकांच्या विभागात घेऊन गेला. गुलाबी, जांभळा, पुन्हा गुलाबी. सगळ्यांचे तळवे पावभाजीच्या पावाएवढे जाड.

"मऊ नको, कडक दाखव."

"कडक? गुडघं दुखतील की वो."

इथे बाकावरून आवाज आला. "काय करतासा ताई तुमी?"

सत्तरीचे गृहस्थ. पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि दोन्ही कान मोडून गोळा झालेले. कोल्हापुरात असे पैलवानी कान दिसले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

"वजन उचलते, काका."

"कसलं?"

"लोखंडाचं. व्यायाम म्हणून."

"घरात सिलिंडर कोण उचलतंय?"

"मीच."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो; त्यात गॅस १४.२ किलो, बाकी लोखंड. म्हणजे महिन्याची फी भरून माझी प्रगती झाली ती पाच किलोंची.

"आमी खासबागेत कुस्तीला उतरलो तवा पायात काय हुतं? काय न्हाई. जोर बुटात असतोय व्हय? बैठक मारून दावा बघू."

"इथं?"

"मग काय रंकाळ्यावर?"

मी मारली. कुडता-सलवार, पायात मोजे, खाली गुळगुळीत फरशी, समोर शाळेचे बूट घ्यायला आलेलं अख्खं कुटुंब. निम्म्यात डावी टाच उचलली गेली. "उचलली, उचलली!" असं तो पोरगा ओरडला, पंचच जणू.

"उचलू दे की!" पैलवान त्याच्यावर खेकसले. "बैठकीत टाच वरच असती. आमी हजार हजार मारल्या, सगळ्या चवड्यावर."

खरंच की! परदेशी कंपन्या ज्या टाचेचे पाच आकडी पैसे घेतात, ती तालमीत फुकट होती. मी विचारलं, "काका, पोटऱ्या कधी ताणत होता का?"

"ताणायला त्या काय दोऱ्या हायत? त्याल लावायचं, झोपायचं. ह्ये असं..." म्हणत ते स्वतःच उठले आणि बैठकीत उतरायला लागले. पाव अंतरावर गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. पोरानं एक दंड धरला, मी दुसरा, आणि आम्ही त्यांना परत बाकावर ठेवलं.

"वाट्या गेल्या," ते शांतपणे म्हणाले. "दोन्ही." मग बाजूची डॉक्टर चप्पल उचलून, तळव्यात अंगठा दाबून म्हणाले, "तुमी आपलं मऊच घ्या."

घ्या! या गावाच्या चप्पल लाईनीत शेकड्यांनी सपाट, कडक तळवे टांगलेले असतात. त्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०२५ साली मिलानमध्ये एका बड्या फॅशन कंपनीनं तिची नक्कल मंचावर चालवली आणि आपण सगळे चिडलो. पण त्या चपलेला मागून टाचेची पकड नाही आणि बोटं उघडी, म्हणून जिममध्ये तिचा उपयोग शून्य. सपाट तळव्याचे बूट होते, पण पुरुषांत, सात नंबरपासून पुढे. माझा पाय पाच. चाळिशी ओलांडलेल्या बाईला फक्त आराम हवा असतो हे कुणी ठरवलं, त्याला एकदा मला भेटायचंय. सिलिंडर उचलताना कुणी मऊ काही आणून देत नाही.

शेवटी मीच पीटीचे पांढरे कॅनव्हास मागितले. पातळ रबर, सपाट, अंगठा आत न जाणारं.

"कुणाला? नातवाला?"

"मला."

पाच नंबर मिळाला, पोरांच्या खोक्यात. किंमत त्या राखाडी ढगांच्या पावपट. मी पैसे मोजत होते तोवर पैलवानांनी पोराला फर्मान सोडलं, "ताईंस्नी आतला मऊ सोल फुकट दे रं." त्यानं दिला, जाडजूड, जेलचा. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले, तर म्हणाला, "फुकटच्या मालाला रिटर्न न्हाई, मावशी."