ताई, लिंक पाठवा ना

काल आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौथ्या रविवारच्या शास्त्रीय गाण्याच्या मैफलीचं पोस्टर टाकलं आणि दोन मिनिटांत पहिला रिप्लाय एका काकांचा, "ताई, लिंक पाठवा ना." हॉल ठाण्यात, नौपाड्यात, काका राहतात पाचपाखाडीत, म्हणजे रिक्षावाला नाही म्हणेल इतकं जवळ. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, मग म्हटलं इथेच लिहावं, ग्रुपवर भांडण नको (आमच्याकडे गुड मॉर्निंगच्या फुलांवरूनही भांडणं झालेली आहेत).

घरी बसून लिंकवर मैफल बघायची ही सवय कशी लागली ते मला पक्कं माहितीये, कारण ती लावणाऱ्यांत मीच होते.

२२ मार्च २०२० हा चौथा रविवार होता. पोस्टर गेलेलं, बटाटेवड्यांची ऑर्डर दिलेली आणि नेमका जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे एरवी आमच्याकडे तानपुरे जुळवून झालेले असतात आणि कुणीतरी मागे खुर्ची सरकवत असतं, त्याच वेळेला खाली सोसायटीत थाळ्या सुरू झाल्या. एकाने कुकरचं झाकण आणलेलं. हसू आलं, वाटलं ठीक आहे, एप्रिलमध्ये करू. एप्रिल कसला न् काय, बुधवारी पाडव्यालाच सगळं बंद.

जूनमध्ये आम्ही पहिलं लाइव्ह केलं. गायिका तिच्या घरी, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप, साथीला कोणी नाही. आणि गंमत अशी की व्हिडिओ कॉलच्या ॲपला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते, सतत एकसारखा येणारा आवाज असला की ते आपलं हुशारीने दाबून टाकतं. म्हणजे बिचारी षड्ज, म्हणजे 'सा', लावतेय आणि आम्हाला ऐकू येतंय की बाई हवेत गातायत, आलापात लांब स्वर धरला की तोही मध्येच गिळला जायचा. पुढे कमिटीतल्या एकांच्या भाच्याने 'ओरिजिनल साउंड'चं बटण शोधून दिलं तेव्हा कुठे तानपुरा परत आला. तबला मात्र नाहीच. गायिका डोंबिवलीत, तबला बदलापुरात, मधे इंटरनेट, ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की तबल्याचा धा मागून पोचायचा. विलंबितात, म्हणजे संथ लयीतसुद्धा जमेना, द्रुत तर सोडाच.

आणि तरी आम्ही खूश! हॉलमध्ये सव्वाशेच्या वर डोकी कधी बघितली नव्हती, इथे हार्टवर हार्ट, अंगठे, न्यू जर्सीहून कुणी, मेलबर्नहून कुणी. फुकट होतं ना सगळं. गायिकेला आम्ही पाकीट म्हणून जे ऑनलाइन पाठवलं तो आकडा लिहायची मला लाज वाटते, आणि तबला-पेटीवाल्यांना तर काहीच नाही, कारण ते वाजवत नव्हते. हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही तेव्हा. तिकडे घराघरातल्या शिकवण्या बंद, कार्यक्रम बंद, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा त्या डिसेंबरात झाला नाही, आणि आम्ही व्ह्यूज मोजत होतो.

एक गोष्ट मात्र लिंकमुळे झाली ती मी नाकारणार नाही. आमची मैफल कायम संध्याकाळी पाचची, हॉल नऊला रिकामा करायचा, त्यामुळे वर्षानुवर्षं संध्याकाळ-रात्रीचेच राग, मारवा, पूरिया धनाश्री, यमन, फार तर बागेश्री, संपलं. ऑनलाइनमध्ये हॉलच नाही तर वेळेची कटकट कसली, म्हणून दिवाळीच्या सुमारास पहाटे साडेसहाला ठेवली. चहा हातात, बाहेर नुकतं उजाडतंय आणि पहाटेचा राग ललत. शुद्ध मध्यमाला लागून तीव्र मध्यम, दोन्ही 'म' शेजारी शेजारी. इतकी वर्षं गाणं ऐकते पण ललत त्याच्या वेळेला, समोर कोणी गातंय, असा मी पहिल्यांदा ऐकला. न्यू जर्सीवाल्यांना रात्रीचे आठ वाजलेले, त्यांचं काय झालं माहीत नाही.

नाट्यगृहं नोव्हेंबर २०२० ला अर्ध्या क्षमतेने उघडली, पण आमची हिंमत झाली २८ फेब्रुवारी २०२१ ला. एक खुर्ची सोडून एक, मधल्या खुर्चीवर चिकटपट्टीची फुली, मास्क, दाराशी सॅनिटायझर घेऊन मी. मास्कमधून "वा" म्हटलेलं स्टेजपर्यंत पोचत नाही हे त्या दिवशी कळलं, लोक मग मांडीवर थाप मारून दाद द्यायला लागले. तबल्याला तोच बदलापूरचा मुलगा. तेव्हा लोकल सगळ्यांना खुली झालेली पण वेळ ठरवून, सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. म्हणजे पाचच्या मैफलीला तो चारच्या आत स्टेशनात शिरायचं म्हणून तीनलाच हजर, आणि गाणं आठला संपलं तरी परत जायला गाडी नऊनंतर. गाडी करून पाठवायचं तर भाडं त्याच्या पाकिटाएवढंच झालं असतं. तो हॉलच्या जिन्यात डग्गा-तबल्याच्या बॅगेवर हात ठेवून बसून राहिला. म्हटलं कंटाळलास ना रे, तर म्हणाला, "नाही हो ताई, अकरा महिन्यांनी माणसांसमोर वाजवलं."

एप्रिलच्या सुरुवातीला परत सगळं बंद. त्या महिन्याचा चौथा रविवार २५ तारखेला, त्या दिवशी दिल्लीत राजन-साजन मिश्र या गायक जोडीतले पंडित राजन मिश्र कोरोनाने गेले. व्हेंटिलेटरसाठी ट्विटरवर लोक हात जोडत होते. दोघा भावांचं गाणं ज्यांनी समोर बसून ऐकलंय त्यांना मी वेगळं काय सांगू.

त्यानंतर मात्र आम्ही कमिटीत भांडून ठरवलं की फुकट लाइव्ह बंद. दीडशे रुपये तिकीट, एका सभासदाच्या दिवाणखान्यात गाणं, तबला, पेटी अशा तिघांना लांब लांब बसवून रेकॉर्डिंग, आणि जमेल त्यातला मोठा वाटा साथीदारांना. पाचशे बघणारे एकदम सत्तर-ऐंशीवर आले. "ताई, दीडशे जरा जास्त होतात हो," असा फोन करणारे एक गृहस्थ त्याच आठवड्यात ग्रुपवर अठराशेच्या आंब्याच्या पेटीचा फोटो टाकून बसलेले.

आता सगळं सुरू होऊन इतके दिवस झाले, हॉल आहे, लोकल आहे, तरी पहिला प्रश्न लिंकचा. माझं म्हणणं एवढंच, ज्यांना खरंच येता येत नाही त्यांच्यासाठी लिंक राहू दे. इथल्याच वृंदावन सोसायटीतल्या आमच्या एक आजी आहेत, चौऱ्याऐंशीच्या, जिना उतरणं होत नाही, त्या दर महिन्याला आधी पैसे पाठवतात आणि मग लिंक मागतात. घोडबंदर रोडवाल्यांनाही माफ, तो रस्ता आणि रविवारची संध्याकाळ म्हणजे अर्धा ख्याल गाडीतच. पण पाचपाखाडी?

लिंक मिळेल काका, दीडशे रुपये. हॉलमध्ये आलात तर शंभर आणि वडा. तबल्याला बदलापूरचाच मुलगा आहे.