वाळवंटातला आंबा आणि ‘रोज थोडं पाणी’वाला मेसेज

सध्या एक मेसेज फिरतोय, की आंबा गरम हवेतलंच झाड आहे, मग वाळवंटातल्या बागेत बिनधास्त भर उन्हात लावा, रोज थोडं थोडं पाणी घाला, आणि पानांची टोकं करपली की पाणी अजून वाढवा. यातलं पहिलं अर्धवट खरंय, बाकीचं झाडाला महागात पडेल.

टोकं करपणं म्हणजे दरवेळी तहान नसते. बऱ्याचदा ते क्षार असतात. वाळवंटात पाणी आधीच खारट, त्यात रोजचं थोडं पाणी वरच्यावर राहून उडून जातं आणि मीठ मुळांशी साचत जातं, मग ते पानाच्या टोकाला दिसतं. म्हणून पाणी अंतराने पण भरपूर द्यायचं, इतकं की क्षार मुळांच्या खाली वाहून जातील, आणि निचरा नसेल तर हेही फुकट. पोटॅशचं खत देताना म्युरेट ऑफ पोटॅश टाकू नका, त्यातलं क्लोराइड क्षारांत भर घालतं, सल्फेट ऑफ पोटॅश चालेल. कलम घेताना खुंट (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो) कोणता ते विचारा (हे कोणी विचारतच नाही!), इस्रायलमधला ‘१३-१’ नावाचा खुंट खारं पाणी आणि चुनखडी जमीन बऱ्यापैकी सोसतो.

उन्हाचं म्हणाल तर मोठं झाड पाणी नीट असेल तर ४५ अंशही काढतं, पण पहिली दोनेक वर्षं दुपारी शेडनेट हवंच, खोडाला पांढरा पातळ रंग. आणि मेसेजमध्ये थंडीचा उल्लेखच नाही, वाळवंटातल्या रात्री पारा शून्याखाली गेला तर लहान रोप एका रात्रीत जाऊ शकतं.