जरा पसारा राहू द्या

नाशकात कुणापुढेही कॅमेरा काढा, माणूस आधी आवराआवर करतो. माझी पंचाईत अशी की मला पसाराच हवा असतो. हल्ली मला एन्व्हायर्न्मेंटल पोर्ट्रेटचं खूळ लागलंय. यात माणसाला स्टुडिओत पडद्यासमोर बसवायचं नाही. तो जिथे राबतो तिथेच, त्याच्या हत्यारांसकट, धुळीसकट टिपायचा. वाचायला सोपं आहे.

पंचवटीतल्या एका शिंपीदादांना विचारलं, "काम करतानाचा फोटो काढू का?"

"काढा की!" असं म्हणून त्यांनी मशीन बंद केलं, गळ्यातला टेप उतरवला, कात्री खणात टाकली, चिंध्या पायानंच खाली सरकवल्या आणि इस्त्रीचा शर्ट चढवून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हात सरळ, नजर समोर. राष्ट्रगीत तेवढं वाजायचं बाकी होतं.

रामकुंडाजवळ तर त्याहून बहार. फुलांच्या पाट्या, दिव्यांचे द्रोण, मागे घाटाच्या पायऱ्या अशी फ्रेम जुळवत होतो, तेवढ्यात कॅमेरा बघून कुणीतरी ओरडलं, "अतिक्रमणवाले आले!" शटर दाबेपर्यंत फ्रेममध्ये नुसत्या पायऱ्या उरल्या.

लेन्सचं दुखणं आणखी वेगळं. नवशिके सगळे आधी ५० एमएम, एफ १.८ ची, म्हणजे आतलं भोक सताड उघडणारी लेन्स घेतात. तिनं मागचं सगळं धूसर होतं आणि आपण बरेच दिवस त्यावरच खूश असतो. इथे मात्र मागचं दिसायला हवं, म्हणून २४ नाहीतर ३५ एमएमची रुंद लेन्स आणि एफ ५.६ ते ८, म्हणजे भोक बारीक. मग प्रकाश पुरत नाही. शटर मंद केला की फोटो हलतो, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० वर नेला की चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे पडतात. असली रुंद लेन्स घेऊन जवळ गेलं तर फोटोत नाक आधी पोहोचतं, माणूस मागून येतो. मागे सरकावं, तर जुन्या नाशकातल्या गल्ल्या कुणी मागे सरकेल या हिशेबानं बांधलेल्याच नाहीत. पाठीला भिंत लागली नाही तर स्कूटर लागते, आणि स्कूटरवाल्याला कलेत काडीचा रस नसतो.

या प्रकारातला मोठा माणूस म्हणजे अमेरिकेतला अरनॉल्ड न्यूमन. १९४६ साली त्यानं संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचा फोटो काढला. चौकटभर पियानोचं काळंभोर उघडं झाकण आणि स्ट्राव्हिन्स्की खाली कोपऱ्यात, डोक्याला हात लावून. काढला होता हार्पर्स बझार मासिकासाठी. त्यांनी तो नाकारला. आज तो जगभर नावाजला जातो. घरी माझ्या फोटोंवर चर्चा सुरू झाली की मी हा किस्सा सांगतो.

तर, पियानो नसला म्हणून काय झालं, तांब्याचा बंब आहे, असा विचार करून भांडी बाजाराजवळच्या एका तांबटकाकांना गाठलं. ते घंगाळ मठारत, म्हणजे हातोडीनं ठोकत बसले होते.

"थांबा, दाढी करून येतो."

"नको काका, असेच छान दिसताय."

"मग हे मागचं तरी आवरतो. सून म्हणेल, काय हा उकिरडा."

"काका, मला तो उकिरडाच पाहिजे."

काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. चांगल्या घरचा दिसतो, म्हणून बहुधा पुढे काही बोलले नाहीत. मी मुकाट्यानं मशीनवरच्या भांड्यांचा विषय काढला. काका असे पेटले की कॅमेरा विसरले. एकेका वाक्याला हातोडीचा एकेक ठोका. दारातून तिरका उजेड, शटर १/१२५ सेकंदाला, चेहरा स्वच्छ, हातोडी तेवढी पुसट. मनासारखा फोटो!

संध्याकाळी मोठा करून पाहिला. मागच्या प्रत्येक चकचकीत कळशीत पोट सुटलेला मी, वाकून, एक डोळा मिटून.

काकांना दाखवला तर म्हणाले, "यात मी एक आणि तुम्ही डझनभर."

तरी तो स्टेटसला ठेवला. पहिला फोन मावशीचा. "अरे, काय सुंदर रे!" मी विनयानं खाली बघायला लागलो. "मागचा तो बंब केवढ्याला?" मग आत्याचा, मग वहिनींच्या मैत्रिणीचा. उजेड, चेहरा, हातोडी याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्या चौकशा काकांकडे पोहोचवल्या. त्यांनी वहीत ऑर्डरी टिपून घेतल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुढच्या खेपेला मला जरा बाजूला घ्या. मागची घंगाळं झाकली जातायत."