पाक विष असेल तर पावसात मधमाशांनी खायचं काय?

आपल्या गोव्यातल्या शेतीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की साखरेचा पाक मधमाशांना विष आहे, पाक दिला की मध नकली होतो, सातेरी माशी (आपण पेटीत पाळतो ती देशी मधमाशी) रानातली आहे तिचं ती बघते आणि द्यायचंच तर गूळ नाहीतर दुकानातला मध द्या. परसात मधमाशांची पेटी ठेवलेले लोक हे वाचून पाक बंद करतायत, म्हणून लिहितेय.

विष कसलं? फुलातल्या रसातही साखरच असते आणि ती फोडायचं एन्झाइम माशीच्या अंगातच असतं. पाकात प्रोटीन नाही हे खरं, ते परागातून येतं, पाक फक्त पोटाला.

तिचं ती बघते म्हणे! अहो, तिने पावसासाठी साठवलेला मध एप्रिल-मेमध्ये आपणच काढून बाटलीत भरला ना? मग जुलैत पेटी उघडून बघा, उचलली तर हलकी लागते, पोळ्यात मधाचा टिपूस नाही आणि काही माशा रिकाम्या घरांत डोकं खुपसून तशाच मेलेल्या, नुसती शेपटं बाहेर. उपासमारीने मेल्यात त्या. उरलेल्या एक दिवस पेटी सोडून जातात, नाहीतर कमजोर वसाहतीत मेणपतंग शिरतो, त्याच्या अळ्या पोळंच खातात.

नकली मधाचं अर्धं खरं आहे. मधकोठी, म्हणजे पेटीवरचा मध साठवायचा कप्पा, चढवलेली असताना पाक दिला तर माशा तोच वर भरणार आणि ती भेसळच. काजूच्या फुलोऱ्यात कोणी पाक देत असेल तर त्याला जरूर जाब विचारा. पण पावसात मधकोठी उतरवून दिलेला बेताचा पाक त्या खाऊन संपवतात.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा. गुळातले क्षार माशांना पचत नाहीत, हगवण लागते, आणि पावसात बाहेर पडता येत नाही म्हणून घाण पेटीतच. दुकानातल्या मधातून फाउलब्रूडसारखे अळ्या सडवणारे रोग येऊ शकतात, त्याचे बीजाणू मधात वर्षानुवर्षं टिकतात. 1990 च्या दशकात थाई सॅकब्रूड नावाच्या अळ्यांच्या रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या, त्यामुळे रोगाशी खेळ नको.

साधी पांढरी साखर आणि पाणी समसमान, गरम पाण्यात विरघळवायची पण करपू द्यायची नाही, करपलेली साखर माशांना खरंच बाधते. झाकणाला बारीक भोकं पाडलेली बाटली संध्याकाळी पेटीच्या आत उलटी ठेवा, रात्रीत संपेल एवढाच पाक घाला. बाहेर सांडला तर मुंग्या येतात आणि दुसऱ्या पेटीतल्या माशा लुटायला येतात. गणेश चवथीनंतर ऊन पडून फुलं मिळायला लागली की बंद करा.